दुसरी गाडी

मार्च महिना, दहावीच्या परीक्षेचे दिवस. भुसावळ-अकोला दुहेरी मार्गावरच्या एका फाटकावर मी तेव्हा गेटमन होतो. अलीकडे गाव, पलीकडे तालुक्याचा रस्ता. केंद्रावर जाणारी सगळी पोरं माझ्यासमोरूनच जायची. सकाळी पावणेदहाला स्टेशन मास्तरांचा फोन आला. अपला, म्हणजे भुसावळकडे जाणाऱ्या लाइनीवर, दीपनगरच्या वीज केंद्राची कोळशाची मालगाडी, आणि त्याच सुमाराला डाउनला, म्हणजे भुसावळकडून येणाऱ्या लाइनीवर, मेल. मी फाटक पाडलं, फाटक बंद झाल्याची खूण म्हणून मास्तरांना प्रायव्हेट नंबर दिला.

पाच मिनिटांत दोन्ही बाजूंना गर्दी. "भाऊ, उघडा नं, पोट्ट्याईचा पेपर हाये!" लोकांना वाटतं, फाटक गेटमनच्या मर्जीवर असतं. खरं म्हणजे एकदा गाडीला सिग्नल दिला की फाटकाचं कुलूप अडकतं. गाडी निघून जाईपर्यंत मी म्हटलं तरी ते सुटत नाही. एवढं मी रोज घसा फोडून सांगायचो. पण एक गाडी आहे की दोन, हे सांगायचं माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मालगाडी आली. 58 वाघिणी, साडेसहाशे मीटर लांबी. गाडी जाताना गेटमनने हिरवी झेंडी धरून उभं राहायचं आणि प्रत्येक वाघिणीकडे बघायचं असतं: चाक तापलंय का, कुठे धूर आहे का, काही लोंबतंय का. शेवटी ब्रेकव्हॅन गेली, गार्डसाहेबांनी झेंडी दाखवली, मी दाखवली. नजर त्यांच्याकडेच होती. तेवढ्यात डाव्या बाजूला निळं दप्तर दिसलं. एक पोरगा सायकल आडवी करून दांड्याखालून निघाला होता आणि अप लाइन ओलांडून पुढे चालला होता.

मेल त्याला दिसणं शक्यच नव्हतं. ती भुसावळकडून येत होती, आणि नेमकी नुकत्याच गेलेल्या मालगाडीच्या आड होती. ऐकूही येणार नव्हतं. मालगाडीच्या धडधडीत मेलचा हॉर्न विरून जातो. त्यात आता रूळ जोडून अखंड केलेत, डबे नवे आलेत. जुन्या माणसांना लांबून कळायची ती खडखड उरलेली नाही. मेल ताशी 110 ने येते, म्हणजे सेकंदाला तीस मीटर. सायकल हातात धरून दोन्ही लाइनी ओलांडायला दहा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ती तीनशे मीटर पुढे आलेली असते.

मी ओरडलो. त्याने मागे पाहिलं, पण पाय थांबले नाहीत. झेंड्या टाकून धावलो, दप्तराला हात पडला आणि जीव खाऊन मागे ओढलं. दोघंही अप लाइनीवर आडवे झालो. सायकल त्याच्या हातून सुटली. तिचं पुढचं चाक रुळावर गेलंही नव्हतं, रुळाच्या बाहेर हातभर अंतरावर होतं. पण डबा रुळाच्या बाहेर दोन्ही बाजूंना अडीच फूट येतो. रुळापासून लांब उभा आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्या माणसाच्या हे लक्षातच येत नाही. कडाड आवाज झाला आणि मग नुसता वारा, धूळ, अंगावर उडणारी बारीक खडी. पोराचं डोकं मी छातीशी दाबून धरलं होतं. त्याच्या शर्टाला इस्त्रीचा वास येत होता, तो अजून आठवतो.

ड्रायव्हरने ब्रेक मारला होता. तरी एवढी गाडी थांबायला किलोमीटरभर लागतंच. सायकलचा सांगाडा उडून अप लाइनीवर पडला होता. आधी तो उचलून बाहेर फेकला, कारण त्या लाइनीवर पुढची गाडी कधीही आली असती. मग स्टेशन मास्तरांना फोन केला. "साहेब, पोरगा वाचला," एवढं बोललो आणि खाली बसलो. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

पोराच्या कोपराला खरचटलं होतं. तो रडत नव्हता, फक्त विचारत होता, "काका, हॉल तिकीट कुठाय?" ते दप्तरातच होतं. मेल मार्गी लागून फाटक उघडल्यावर एकाने त्याला मोटरसायकलवर बसवून नेलं, पेपर मिळाला. विनापरवाना रूळ ओलांडला तर कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड आहे. पण त्याच्याकडे बघून तो कायदा माझ्या तोंडी आला नाही. माझी चूक मला टोचत होती. गर्दीला गाडी गेलेली दिसली होती. दुसरी येतेय हे फक्त मला माहीत होतं, आणि मी ते सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दोन गाड्या असल्या की फाटक पाडताना दोन बोटं वर करून ओरडायला लागलो, "दोन हायेत! दोन!" पहिली गेली की पुन्हा, "अजून एक!" सुरुवातीला लोक नुसते बघायचे. पुढे दूधवाला मागच्यांना सांगायला लागला. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया तर फाटक पडताना दिसलं की लांबूनच हाक मारायच्या, "एक हाये का दोन, भाऊ?"