डावा मागचा दिवा: तीन बल्ब, एक थिंबल

रविवार

पंधरा दिवसांपूर्वी रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या रस्त्याला एक रिक्षावाला शेजारी आला आणि ओरडला, "ताई, डावा ब्रेक लागत नाय तुमचा!" काळजात धस्स झालं. मग कळलं, तो दिव्याबद्दल बोलतोय.

घरी येऊन बल्ब बदलला. गाडी २००४ ची हॅचबॅक. मागच्या लाल दिव्यात दोन फिलामेंटचा २१/५ वॉटचा बल्ब आहे: पाच वॉटची तार टेललाइटला, एकवीसची ब्रेकला. नवा बल्ब बसवला, टेललाइट लावून पाहिला, झकास लागला, डिकी बंद. ब्रेक दाबून बघितलाच नाही. एकटी होते; पाय पेडलवर आणि डोळे डिकीमागे कसे असणार?

आज बघितलं तर दुखणं जसंच्या तसं. दुसरा नवा बल्ब घातला, तरी तेच. तेव्हा कुठे जुना बल्ब डब्यातून शोधून उजेडाकडे धरला. दोन्ही तारा शाबूत. मल्टिमीटरवरही (विजेची मापं घेणारं यंत्र) दोन्ही तारांना 'अखंड आहे' अशी बीप वाजली. म्हणजे चांगला बल्ब काढून त्याच्या जागी आणखी दोन चांगले बल्ब विकत आणले होते.

बल्ब बदलताना एक बघा: या बल्बच्या दोन पिना मुद्दाम खालीवर असतात, एकाच बाजूने बसाव्यात म्हणून. होल्डर सैल असेल तर जोर लावून उलटाही बसतो. मग टेलच्या जागी ब्रेकची तार पेटते आणि मागचा माणूस रात्रभर समजतो की तुम्ही ब्रेकवर पाय ठेवूनच चालवताय. मी दोन्ही वेळा नीट बसवला होता.

फ्यूजकडे गेले नाही. दोन्ही ब्रेकदिव्यांचा फ्यूज एकच आणि उजवा व्यवस्थित लागत होता.

सोमवार

ऑफिसातून आल्यावर मीटर काढला. बल्ब बाहेर, ब्रेकच्या पेडलवर वीट आडवी टाकलेली (खरंच, वीट). होल्डरमधला ब्रेकचा पॉइंट आणि अर्थचा पॉइंट (करंट गाडीच्या लोखंडी बॉडीतून परत जातो, ती वाट) यांच्यात १२.३ व्होल्ट. पुरेपूर. बल्ब चांगला, व्होल्टेज चांगलं, आणि दिवा लागत नाही. चिडून झोपले.

हे १२.३ मला दोन दिवस फसवत होतं. त्यावर खाली येतेच.

मंगळवार

दिवेलागणीला सासूबाईंना गाडीमागे उभं केलं आणि मी आत बसले.

"आई, आता ब्रेक दाबतेय. लागला?"

"लागला… म्हणजे लाल झालाय, पण अगदीच मलूल."

टेललाइट लावले. "आता?"

"आता छान आहे."

टेललाइट चालू ठेवून ब्रेक दाबला. "अगं, विझला! उजवा भडक झाला आणि हा विझला."

टेललाइट बंद करून डावा इंडिकेटर दिला. टिकटिक नेहमीच्या जवळपास दुप्पट वेगाने. आई मिनिटभर काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तू डावीकडचा लावलायस ना? मग उजव्याच्या पोटात काय मिणमिणतंय?"

उतरून बघितलं. डावा इंडिकेटर मरगळलेला, आणि त्याच्या तालावर उजव्या बाजूचा ब्रेकदिवा विझत्या निखाऱ्यासारखा लाल होत होता. डावीकडचं बटण, उजवीकडचा दिवा, तोही ब्रेकचा! वायरिंग कुठे चिकटलंय म्हणून मी पुढे जाणार होते. आईंनी चहाला बोलावलं आणि गाडीचं अर्धं वायरिंग उघडण्यापासून वाचले.

बुधवार

आज गाडीला हात लावला नाही. वहीत चित्र काढलं, आणि या सगळ्या प्रकरणात खरी मजा इथेच आली.

मागच्या डाव्या क्लस्टरमधल्या (एकाच काचेमागचे सगळे दिवे) ब्रेक, टेल आणि इंडिकेटर या तिघांचा परतीचा रस्ता एकच: एक काळी वायर, जी पुढे बॉडीला जाते. ती तुटली असं धरा. ब्रेक दाबला की करंट एकवीस वॉटच्या तारेतून बल्बच्या बुडाशी येतो आणि बघतो तर दार बंद. पण त्याच बुडाला शेजारचा इंडिकेटर जोडलेला आहे. मग तो इंडिकेटरच्या तारेतून उलटा शिरतो, वायरीने पुढच्या डाव्या इंडिकेटरपर्यंत जातो आणि त्याच्या अर्थमधून बॉडीत उतरतो. एकवीस वॉटचे तीन बल्ब ओळीने, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण चार व्होल्ट. एक तीळ सात जणांत वाटून खाल्ल्यासारखं. म्हणून मलूल.

नुसता टेललाइट लावला तर पाच वॉटच्या तारेतून आलेला करंट इतका थोडा, की बाकीचे जाड फिलामेंट त्याला वायरीसारखेच. पाच वॉटच्या तारेचा रोध गरम असताना सुमारे २९ ओहम, एकवीसवाल्याचा ७, आणि थंड असताना तर त्याहून कितीतरी कमी. जवळजवळ सगळं व्होल्टेज टेलच्याच तारेवर पडतं आणि दिवा अगदी निरोगी दिसतो. याच दिसण्याला मी पहिल्या दिवशी भुलले.

टेल आणि ब्रेक एकत्र: आता दोन्ही तारांतून करंट आत यायला बघतो, बुडाशी व्होल्टेज वर चढतं, आणि दोन्ही तारांच्या दोन टोकांत थोडाच फरक उरतो. दिवा विझल्यासारखा होतो. नेमका रात्री, नेमका ब्रेक दाबल्यावर. सगळ्यात वाईट वेळ.

आणि डावा इंडिकेटर? तोही दार बंद बघून ब्रेकच्या तारेतून उलटा निघतो, ब्रेकच्या वायरीने पलीकडे जातो आणि उजव्या ब्रेकदिव्यातून उतरतो. आईंना दिसलेला निखारा तो हा. नेहमीपेक्षा कमी करंट वाहतो, म्हणून इंडिकेटरची उघडझाप करणाऱ्या रिलेला वाटतं एक बल्ब उडाला, आणि तो टिकटिक वाढवतो.

आता सोमवारचं १२.३. मीटर करंट घेतो तो नावापुरता. अर्थची वायर तुटलेली असली तरी इंडिकेटरच्या थंड तारांतून त्याला बॉडीपर्यंत वाट मिळते आणि तो खुशाल पूर्ण व्होल्टेज दाखवतो. बल्ब काढून घेतलेलं माप म्हणजे रिकामी एसटी चढ चढली म्हणून भरलेलीही चढेल असं म्हणणं.

गुरुवार

बल्ब जागेवर, वीट पेडलवर, टेललाइट बंद. मीटरची एक पिन क्लस्टरच्या प्लगमध्ये मागून काळ्या वायरीला, दुसरी डिकीच्या कुलपाच्या उघड्या लोखंडाला. दोन्ही ठिकाणं अर्थच, म्हणजे मीटरवर शून्याच्या आसपास यायला हवं, ०.१ च्या खाली असेल तर मी हसतमुख. आलं ७.८ व्होल्ट. वहीतल्या हिशेबाने आठ यायला हवे होते (पुढच्या दोन बल्बांचे चार-चार). इतका आनंद बरेच दिवसांत झाला नव्हता.

शनिवार

डिकीतलं डावं अस्तर काढलं, मॅट उचलली. खाली ओल. काळी वायर जिथे बॉडीला बोल्टने आवळलेली, तिथे हिरवट-पांढरी भुकटी जमलेली आणि थिंबलचा (वायरीच्या टोकाची धातूची कडी) गोल चुरमुऱ्यासारखा फुगलेला. दहा नंबरचा पाना लावला तर बोल्ट ढिम्म. गंज सोडवणारं तेल मारून दुपारचं जेवण उरकलं. मग बोल्ट फिरला, पण थिंबल हातातच मोडलं. समुद्र इथून चार किलोमीटरवर. वीस वर्षं टिकलं हेच खूप.

वायर दोन इंच मागे कापली. आत तांबं काळं पडलेलं, म्हणून आणखी एक इंच कापली, तेव्हा लखलखीत तांबं लागलं. नवं थिंबल क्रिंप केलं, म्हणजे वायरीवर दाबून घट्ट बसवलं, वर स्लीव्ह. बॉडीचा रंग पॉलिश पेपरने रुपयाएवढा खरवडून उघडं लोखंड काढलं, नवा बोल्ट आवळला, आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन फासलं.

टेल, ब्रेक, इंडिकेटर तिन्ही चालू, म्हणजे जवळपास चार अँपिअर त्या एका थिंबलमधून. माप: ०.०४ व्होल्ट.

गाडी मागच्या पांढऱ्या भिंतीला फूटभर अंतरावर लावली आणि आरशात बघत पेडल दाबलं. भिंतीवर दोन सारखे लाल गोळे. एकटीने ब्रेकदिवा तपासायची इतकी सोपी युक्ती मला तिसऱ्या बल्बनंतर सुचली.

"एलईडी टाकून दे, कटकट मिटेल," असं सांगणाऱ्यांना: अर्थ तुटलेला असेल तर एलईडीही काही चमत्कार करणार नाही, आणि वर इंडिकेटरची टिकटिक वाढेल ती वेगळीच.

रविवार

ओल कुठून आली, हा प्रश्न उरला होता. संशय डिकीच्या रबरावर. आतल्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरली, डिकी लावली, आणि बाहेरून दहा मिनिटं नळी सोडली. रबरापाशी पावडर कोरडी ठणठणीत. एकच ओघळ उमटला होता, डाव्या दिव्याच्या मागून सुरू होऊन थेट नव्या थिंबलपर्यंत. दिव्यामागची फोमची गॅस्केट (पाणी अडवणारी पट्टी) वाळून खडखडीत झाली असणार.

पावडर पुसली, मॅट गच्चीवर वाळत टाकली. डावा दिवा उद्या पुन्हा बाहेर.