चुकलेली ताटं

आमच्या घरी जेवायची ताटं सगळी चुकलेली होती. एकावर मीनाच्या जागी मीरा, एकावर ‘सप्रेम सप्रेम भेट’, आणि मोठ्या परातीवर लग्नाची तारीख चक्क ३१ जून. पाहुण्यांना वाटायचं, जुन्या बाजारातून उचलून आणलेली भांडी. तसं नव्हतं. माझे आजोबा, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, नाशिकच्या भांडी बाजारात एका दुकानाच्या ओट्यावर बसून भांड्यांवर नावं घालायचे. चूक झाली की ते भांडं शेठ त्यांच्याच हिशेबात धरायचे.

हातोडी, दोन-तीन छिन्न्या, धारेचा दगड आणि बसायला गोणपाटाची घडी, एवढाच पसारा. आधी काठावर बोटाने अक्षरं मोजायची, कारण सुरुवातीला ऐसपैस लिहिलं तर शेवटी ‘भेट’ला जागा उरत नाही. मग टिक टिक टिक. छिन्नी पुढे सरकायची आणि बारीक ठिपक्यांतून अक्षर उमटायचं. शिरोरेषा अगदी शेवटी, एका दमात. तिचे पैसे नव्हते. पैसे अक्षरावर, त्यामुळे जोडाक्षर एक धरायचं की दीड यावर रोज वाद. ‘चि. सौ. कां.’मध्ये अक्षरं वाचवणारी गिऱ्हाइकं त्यांना आवडत नसत, पण ‘श्री’ ते फुकट घालायचे. शंका आली की वेलांटी बाकी ठेवून माणसाची वाट बघत. राहिलेली वेलांटी नंतर देता येते, दिलेली काढता येत नाही.

पितळ आणि तांबं ऐकायचं. स्टील आलं तशी छिन्नी घसरायला लागली, दिवसातून चारदा धार लावावी लागे. तरी लग्नसराईत आणि धोंड्याच्या महिन्यात, जावयांच्या वाणाची भांडी आली की, आण्णा डबा उघडायचेसुद्धा विसरत. १९८०च्या सिंहस्थात रामकुंडावरून गोदेचं पाणी न्यायला लोक तांब्याचे गडू घेत. एकाने कन्नडमध्ये लिहिलेली चिठ्ठी पुढे केली. आण्णा चौथी पास. त्यांनी ते नाव रांगोळी उतरवावी तसं उतरवलं आणि अक्षरं किती धरायची हे न कळल्याने पैसेच अंदाजाने घेतले.

पण घरात गाजलेली चूक एकच, १९७४ सालची. चिठ्ठीत होतं, ‘कु. सुनंदा हिजकडून सप्रेम भेट’. कागदाची घडी नेमकी उकारावर पडलेली, आणि वरच्या ओळीतल्या कुठल्याशा अक्षराचे पाय खाली लोंबत होते. आण्णांनी कोरलं, ‘कै. सुनंदा हिजकडून’. मैत्रिणीच्या लग्नात मेलेल्या मुलीचा आहेर! भाऊ ताट न्यायला आला आणि ओरडला, “अहो काका, ताई घरी पोळ्या लाटतेय!”

आजी ते ताट घरात घेईना. जिवंत पोरीच्या नावाआधी कै., असलं भांडं कोणाच्या पुढ्यात वाढायचं? आण्णा म्हणाले, “वाढ मला. मला काय होतंय?” त्या दिवसापासून ते ताट त्यांचं. आम्हा नातवंडांना त्याला हात लावायची बंदी होती, म्हणून आम्ही हळूच लावायचो.

पुढे विजेचं मशीन आलं. पेनासारखं धरायचं, गुर्रर्र करत नाव दोन मिनिटांत तयार. आण्णांनी आठवडाभर हातात धरून पाहिलं आणि मुंग्या येतात म्हणून ठेवून दिलं. खरं कारण मला वाटतं वेगळं होतं, त्यावर अक्षर कोणाचंही सारखंच यायचं.

पुराचा त्यांचा हिशेब पक्का होता. पाणी गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की ओटा आवरायचा. १९ सप्टेंबर २००८ला मात्र आवरायला वेळच मिळाला नाही, आमच्या तळमजल्यातही पाणी आलं. ओसरल्यावर ताटं चिखलातून काढली तर गाळ अक्षरांत जाऊन बसलेला. मीरा, सप्रेम सप्रेम, ३१ जून, सगळं काळ्या शाईने लिहिल्यासारखं लख्ख. आण्णा घासायच्या आधी एकेक ताट उजेडाकडे धरून बघत बसले. “शिरोरेषा बघ,” एवढंच म्हणाले.

ते २०११ला गेले, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. आदल्या रात्रीसुद्धा जेवले त्याच ताटात, वरणभात आणि लिंबाची फोड.

ताट आता माझ्याकडे आहे. पोळ्यांच्या डब्यावर झाकण म्हणून वापरते. सुनंदाबाई आता सत्तरीच्या घरात असतील आणि बहुधा नाशकातच कुठेतरी नातवंडांवर खेकसत असतील.