आयर्विनला किती?

27 जुलै, रात्र

पुण्यात आज दिवसभर झड. ऑफिसातून आल्यावर चहाचं आधण ठेवलं आणि हात आपसूक मोबाइलकडे गेला. सांगलीच्या आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती? तीस फुटांच्या आत. बरं वाटलं. सांगली सोडून वीसेक वर्षं झाली, तरी जुलै लागला की हे सुरू. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. इंजिनिअरिंगची सगळी सूत्रं पुसली गेली, हे दोन आकडे तेवढे राहिले.

ते शिकवले 2005 च्या पुरानं. विश्रामबागेत काकूंच्या माडीवर आम्ही तिघी कॉट बेसिसवर राहायचो. तो भाग उंचावर, म्हणून कोरडा. नदीकाठच्या गावभागातून काकूंची बहीण आली, दोन पोरं, शिलाई मशीन आणि पोत्यात घातलेलं मांजर घेऊन. सगळ्यांची पथारी आमच्याच खोलीत. खानावळ बंद. काकूंनी मोठ्या पातेल्यात तेल तापवून ठेचलेला लसूण टाकला, तो लाल होईतो हलवला, मग शेंगदाणे, तिखट, आणि वरून परातभर चिरमुरे. भडंग तेव्हापासून मला पावसाळी जेवणच वाटतं. सबमिशनची जर्नल्स मात्र मांजरानं ओली केली. सरांना खरं कारण सांगायची सोय नव्हती.

पूर ओसरल्यावर हरिपूरला गेलो होतो. एरवी चिंचेच्या झाडांखालून सायकलनं जायचो, कृष्णा-वारणेचा संगम बघायला. त्या वेळी बघितली ती हळदीची पेवं, पाणी शिरलेली. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार शाळेत दहा वेळा वाक्यात उपयोग करून लिहिला असेल, पण पेव म्हणजे जमिनीखालची एवढी मोठी कोठी हे तिथं कळलं. अरुंद तोंड, खाली पोट. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेली हवा जीव घेते, असं एका हमालमामांनी बजावलं. आम्ही कशाला उतरतोय! पण कुजत चाललेल्या हळदीचा तो वास अजून नाकात आहे.

मी मूळची नाशिकची. पहिल्या वर्षी वर्गातल्या मुली 'मी येतो', 'मी जातो' म्हणायच्या, तेव्हा हसू दाबायचे. चौथ्या वर्षी सुट्टीत घरी गेले आणि आईला म्हणाले, "जरा बाहेर जाऊन येतो." आई बघतच राहिली. पुण्यात आल्यावर महिन्याभरात ते पुसून टाकलं. इथं लोक लगेच गाव विचारतात.

2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा दोन दिवस काकूंचा फोन लागला नव्हता. त्या दोन दिवसांचं काही लिहावंसं वाटत नाही.

आज मात्र पहिल्याच रिंगला उचलला.

"काकू, पाणी चढतंय का हो?"

"नदीचं र्‍हाऊ दे गं. तू जेवलाईस काय?"

"जेवलो," म्हणाले.

लेकीनं वहीतून मान वर केली. "आई, जेवलो?"