तुम्ही विचारलंत म्हणून: ‘सानादा मारू’ मी का बघते

“आपल्याकडे इतिहासाचा काय दुष्काळ पडलाय, की तुम्ही जपानी सामुराईंच्या मालिका बघत बसता?” लग्नकार्यात, ऑफिसात, शेजारी, कुठेही हा प्रश्न मला विचारला जातो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तलवारी असतात, रक्त असतं, पोट फाडून घेणारे वीर असतात. मी ज्या मालिकेसाठी जीव टाकते तिच्यात हे सगळं थोडंथोडं आहे. पण मी तिच्याकडे पुन्हा पुन्हा जाते ते एका लढाईमुळे, जी त्यात जवळपास दाखवलेलीच नाही.

एनएचके ही जपानची सार्वजनिक वाहिनी. १९६३पासून ती रविवारी रात्री वर्षभर चालणारी ऐतिहासिक मालिका दाखवते. या मालिकांना ‘ताइगा’ म्हणतात. २०१६ची ताइगा होती ‘सानादा मारू’, ५० भागांची, मितानी कोकी यांनी लिहिलेली. नायक सानादा नोबुशिगे. जपानमधलं शेंबडं पोरही त्याला युकिमुरा या नावाने ओळखतं, मात्र त्याच्या हयातीतल्या कागदपत्रांत हे नाव सापडत नाही. ते नंतरच्या युद्धकथांनी लोकप्रिय केलं.

सानादा हे डोंगराळ शिनानो प्रांतातलं छोटं घराणं. चहूबाजूंना तोकुगावा, होजो, उएसुगी असे बलाढ्य शेजारी. पहिल्याच भागात, १५८२मध्ये, त्यांचे धनी असलेलं ताकेदा घराणं कोसळायला आलंय. नायकाचा बाप मासायुकी भर दरबारात छातीठोकपणे सांगतो की मी असेपर्यंत ताकेदा बुडणार नाहीत. घरी येतो आणि मुलांना सांगतो की ताकेदा बुडणार. कुसाकारी मासाओ या नटाने हा म्हातारा असा उभा केलाय की त्याच्यावर चिडावं आणि त्याच वेळी त्याच्या मागे जावं. पुढच्या काही महिन्यांत हा माणूस ओदा, होजो, तोकुगावा असे धनी बदलत जातो. त्याला गद्दार म्हणणं सोपं आहे. मालिका मात्र त्याच्या शेजारी बसून नकाशा बघायला लावते, आणि मग आपल्यालाही दुसरी वाट दिसत नाही.

मालिकेचा एक नियम आहे, तो कुणी बोलून दाखवत नाही. जे सानादांना दिसत नाही, ते बहुतेक आपल्यालाही दिसत नाही. राजधानीत काय घडलं ते आपल्याला त्यांच्यासारखंच उशिरा, अर्धवट, कुणाच्या तरी तोंडून कळतं. म्हणून साधा निरोप्या धावत आला तरी छातीत धडधडतं.

नुमाताचं प्रकरण घ्या. या एका किल्ल्यावर सानादा आणि होजो दोघांचाही दावा होता. १५८९मध्ये जवळपास सगळा जपान मुठीत आणलेल्या हिदेयोशीने निवाडा दिला की नुमाता होजोंना द्यायचा, पण जवळचा नागुरुमी सानादांकडे राहील. मालिकेत हा वाद शब्दांनी लढला जातो: तरुण नोबुशिगे, होजोंचा मुरब्बी वकील कोसेत्सुसाई आणि तोकुगावांचा होंदा मासानोबु समोरासमोर बसतात. एकही तलवार म्यानाबाहेर येत नाही, आणि तरी माझ्या मते संपूर्ण मालिकेतला सगळ्यात चुरशीचा भाग तोच. थोड्याच दिवसांत होजोंच्या माणसांनी नागुरुमी बळकावला. हिदेयोशीला निमित्त मिळालं, आणि १५९०मध्ये प्रचंड फौजेच्या वेढ्याने होजोंचं मुख्य ठाणं ओदावारा पडलं. डोंगरातल्या एका लहानशा किल्ल्यापायी होजोंची सत्ता संपली.

आता ती लढाई. हिदेयोशीच्या मृत्यूनंतर, १६०० साली, सेकीगाहाराला तोकुगावा इएयासु आणि त्याच्या विरोधकांचा म्होरक्या इशिदा मित्सुनारी यांच्या लढाईत जपानचं पुढच्या अडीचशे वर्षांचं भवितव्य ठरलं. त्याआधी इनुबुशी नावाच्या ठिकाणी मासायुकी आणि त्याची दोन मुलं बंद खोलीत भेटली. धाकट्या नोबुशिगेचा सासरा मित्सुनारीच्या बाजूचा, थोरल्या नोबुयुकीचा सासरा होंदा तादाकात्सु तोकुगावांचा. मालिकेत तोडगा सुचतो तो थोरल्याला, आजवर सगळ्यांत सरळमार्गी म्हणून बापाच्या डावपेचांत ज्याला कुणी फारसं विचारलेलं नाही त्याला: आपण दोन्हीकडे राहू, जो जिंकेल त्याने दुसऱ्याला वाचवायचं. त्याच १६०० सालात ऑगस्टमध्ये मोगलांनी अहमदनगर घेतलं. निजामशाहीतल्या किती वतनदार घरांत तेव्हा अशाच बैठका झाल्या असतील, हा विचार ते दृश्य बघताना माझा पाठलाग करतो.

मग मासायुकी आणि नोबुशिगे तीनेक हजार माणसांनिशी आपल्या उएदाच्या किल्ल्यात इएयासुचा मुलगा तोकुगावा हिदेतादाच्या सुमारे ३८ हजारांच्या फौजेला रोखून धरतात. हिदेतादा सेकीगाहाराला वेळेवर पोचूच शकत नाही. सानादा विजयाच्या आनंदात आहेत. आणि खबर येते: सेकीगाहारा संपलं, एका दिवसात, आपली बाजू हरली. इतक्या मोठ्या लढाईला पडद्यावर मिळतं जेमतेम मिनिटभर. अनेक प्रेक्षकांना हे खटकलं. मला नाही. जिंकून हरलेल्या माणसांना त्या दिवसाची जितकी लढाई मिळाली, तितकीच आपल्याला मिळते.

नोबुयुकीने रदबदली करून बाप आणि भावाचा जीव वाचवला. त्यांची रवानगी कोयासान पर्वताच्या पायथ्याशी कुदोयामाला झाली. नोबुयुकीने स्वतःच्या नावातलं बापाकडून आलेलं ‘युकी’ हे चित्राक्षर टाकलं आणि उच्चार तोच ठेवून दुसरं घेतलं. मालिकेत पुढे धाकटा तेच टाकलेलं अक्षर उचलतो आणि युकिमुरा होतो. यात कल्पनेचा भाग आहे, हे ठाऊक असूनही मला तो पटतो. कुदोयामाच्या काळातली नोबुशिगेची खरी पत्रं मात्र शिल्लक आहेत. एकात तो दारूचे बुधले भरून पाठवा म्हणतो, तर दुसऱ्यात बहिणीच्या नवऱ्याला लिहितो की दात पडले, दाढी पांढरी झाली. बाप १६११मध्ये तिथेच गेला.

नंतर ओसाकाचे दोन वेढे: किल्ल्यात हिदेयोशीचा मुलगा आणि त्याच्या बाजूने नोबुशिगे, बाहेर तोकुगावा. १६१४मध्ये किल्ल्याच्या कमकुवत दक्षिण बाजूला नोबुशिगेने उभारलेली गढी म्हणजेच ‘सानादा मारू’, आणि १६१५मध्ये इएयासुच्या छावणीवरची त्याची अखेरची धडक. साकाई मासातोने ही भूमिका शेवटपर्यंत हसऱ्या डोळ्यांनी केली आहे, आणि जपानी लोक या शेवटासाठीच त्याला डोक्यावर घेतात.

माझा जीव थोरल्यावर आहे. ओइझुमी योने केलेला नोबुयुकी सतत आजारी, सतत हिशेबात, सतत कुणाची तरी माफी मागणारा. त्याला १६२२मध्ये मात्सुशिरोला हलवलं, तिथे त्याने घराणं रुजवलं, आणि ते एकोणिसाव्या शतकातल्या मेइजी काळापर्यंत टिकलं. तो वारला १६५८मध्ये, नव्वदी ओलांडून, म्हणजे आपल्याकडे प्रतापगडाच्या आदल्या वर्षी. ज्याच्या नावाने पोवाडे होत नाहीत अशा माणसाला या मालिकेने ५० भाग धाकट्याच्या बरोबरीने सोबत ठेवलं.

बघायची असेल तर उपशीर्षकं लावा आणि पहिले चार-पाच भाग नावांचा गोंधळ सहन करा. एका कागदावर बाप, दोन मुलं आणि शेजारची घराणी लिहून ठेवलीत तर नुमाताचा वाद येईपर्यंत त्या कागदाची गरज उरणार नाही.