वाळवणाचं पुस्तक आणि माझी फसलेली दिवाळी

आईच्या वहीतलं सगळं वाळवण, कुरडया सांडगे मिरगुंडं वगैरे, टाईप करून मी स्वतःच पुस्तक काढलं. ५०० प्रती, घरचे पैसे. २०२४ च्या दिवाळीलाच काढायचं ठरवलं, कारण जो तो म्हणाला की मराठी माणूस पुस्तकाला पैसे दिवाळीतच काढतो. १९०९ पासून दिवाळी अंक निघतायत, सवय असणारच की.

पण तीच सवय मला नडली. सप्टेंबरात प्रेसमध्ये गेले तर तिथे दिवाळी अंकांचीच घाई, माझ्या फाईलला कोण विचारतंय! "मॅडम उद्या देतो" करत गठ्ठे हातात पडले ते लक्ष्मीपूजन झाल्यावर. आणि वेळेत मिळाले असते तरी काय, त्या दिवसांत जिची तिची चकली तेलात विरघळतेय, कुरडईच्या चिकाबद्दल कोण वाचणार? भाऊबीजेची भेट म्हणून पोस्ट टाकली, ११ प्रती गेल्या, त्यातल्या ६ नणंदेने घेतल्या.

डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव होता, तिथे ओळखीने एका स्टॉलवर थोड्या प्रती ठेवल्या. लोक चाळायचे, "अय्या, हे आई करायची" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. एक काकू म्हणाल्या, आत्ता घेऊन काय करू, ऊन कुठाय, फेब्रुवारीत आठवण कर मला. मी त्यांचा नंबर घेतला आणि मग लाजच सोडली, जो चाळून ठेवेल त्याचा नंबर मागायचा. ६४ जमले.

२७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी झकास पोस्टर केलं होतं, लाईक्स भरपूर, ऑर्डरी २. पण त्याआधी, २६ ला महाशिवरात्र म्हणून आठवडाभर आधी साबुदाणा-बटाट्याच्या चकल्यांचं अख्खं पान फुकट फॉरवर्ड केलं होतं, त्यावर फोन थांबेनात! मग लक्षात आलं की सगळीकडे एकच मेसेज पाठवून उपयोग नाही. विदर्भात ऊन लवकर तापतं म्हणून नागपूर-अकोल्याला आधी, कोकणात फणसाच्या पापडाचं आणि आंब्याच्या साठांचं पान एप्रिलच्या शेवटी. शिवाय कुरडईचा गहू ३ दिवस भिजवायचा, पार्सल पोचायला ५-६ दिवस, म्हणजे रविवारी कुरडया घालायच्या तर ऑर्डर ९ दिवस आधीच्या शुक्रवारी यायला हवी, हा हिशोब मी फ्रीजवर चिकटवला होता. (त्यात डिसेंबरातच रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झालं, टपालखर्च वाढला आणि तो किमतीत धरायचा मी विसरले, तो तोटा माझाच.)

एप्रिल संपेपर्यंत जवळपास ४०० गेल्या. मला वाटलं मे महिन्यात उरलेल्या संपतील आणि दुसरी आवृत्ती... कसलं काय, २०२५ चा मे! मधल्या आठवड्यापासूनच पाऊस, २६ तारखेला तर मान्सून मुंबईत. ऑर्डरी एकदम बंद, उलट "ताई पुस्तक छान आहे पण पापड पंख्याखाली वाळवलेत, चालतील का" असे मेसेज. काय सांगणार, माझेही गच्चीवर भिजले होते.

उरलेल्या ९०-९५ प्रती प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकल्यात, कुरडयांच्या डब्याशेजारी. आता संक्रांत झाल्याशिवाय खाली काढत नाही.