जावक वहीत नसलेलं परिपत्रक

परीक्षा अर्जांच्या दिवसांत आमच्या विद्यापीठाच्या संगणक केंद्रात फोन थांबत नाही. कोणाचा पासवर्ड विसरलेला, कोणाचा फोटो अपलोड होत नाही. त्या सकाळी जावक विभागातल्या ताईंचा फोन आला तो मात्र वेगळा होता. "सर, शुल्काच्या फरकाचं एक परिपत्रक फिरतंय. त्यावरचा जावक क्रमांक मी दिलेला नाही. माझी वही अजून तिथपर्यंत पोचलीच नाही."

मेल एका विभागप्रमुखांच्या खात्यावरून विभागातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना गेला होता. सोबतच्या पीडीएफवर बोधचिन्ह, सही, क्यूआर कोड आणि शेवटी नेहमीची ओळ: आज सायंकाळी पाचपर्यंत शुल्क न भरल्यास प्रवेशपत्र रोखण्यात येईल.

मी आधी मेलचं हेडर, म्हणजे तो कुठून कसा आला याची तांत्रिक नोंद, उघडलं. मेल खरंच आमच्या डोमेनवरून आला का हे पाहणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही तपासण्या पास. म्हणजे आमचं नाव लावून कोणी बाहेरून मेल पाठवला नव्हता, तो आमच्याच यंत्रणेतून निघाला होता. विभागप्रमुख सरांच्या खात्याच्या लॉगिन नोंदींत मध्यरात्री परदेशातल्या, सर्व्हर भाड्याने देणाऱ्या एका होस्टिंग कंपनीच्या इंटरनेट पत्त्यावरून कोणीतरी आत आलेलं दिसलं. खरी कारागिरी त्याच्या पुढे होती. सरांच्या मेलबॉक्समध्ये एक नियम करून ठेवला होता: 'फी', 'शुल्क' किंवा 'क्यूआर' हे शब्द असलेला मेल आला की तो 'वाचलेला' दाखवायचा आणि थेट कचऱ्यात टाकायचा. मुलं सकाळपासून विचारत होती, "सर, हे खरं आहे का?" ते सगळे प्रश्न कचऱ्यात पडून होते. सर संगणकासमोर बसलेले असूनही त्यांना त्यातला एकही दिसला नव्हता.

अशा वेळी नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. आत शिरलेल्याचं लॉगिन तसंच चालू राहू शकतं. म्हणून आधी सगळीकडून लॉगआउट, मग नवा पासवर्ड, मग तो नियम, फॉरवर्डिंगचा पत्ता, परवानगी मिळालेली बाहेरची ॲप्स, रिकव्हरीचा मोबाईल नंबर. यातलं एक जरी नजरेतून सुटलं तरी चोर परत येतो. त्यानंतर मुलांच्या इनबॉक्समधून मेल काढून टाकला. असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवणं 2022 पासून बंधनकारक आहे. ते काम सहकाऱ्याने हाती घेतलं.

सरांनी काही दिवसांपूर्वी 'मेलबॉक्स भरला आहे' असं सांगणाऱ्या एका पानावर पासवर्ड टाकला होता. दोन टप्प्यांची पडताळणी त्यांच्या खात्याला नव्हती. विद्यार्थ्यांना ती सक्तीची आहे, प्राध्यापकांना नाही, कारण ज्येष्ठ मंडळींनी 'दर वेळी मोबाईल कुठे शोधायचा' म्हणून प्रस्ताव हाणून पाडला. ज्यांच्या एका मेलवर अख्खा विभाग पैसे भरतो, त्यांच्याच खात्याला एकच कुलूप. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आताही पटत नाही.

दुपारी वसतिगृहातली प्रथम वर्षाची एक मुलगी आली. तिने पैसे भरले होते. तिला समोर बसवून 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावून दिला. यूटीआर म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आधीच कागदावर लिहून घेतली होती, कारण तिथे शोधाशोध करण्यात वेळ घालवून चालत नाही. तक्रार लवकर गेली तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. उशीर झाला की ती भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पुढे पुढे सरकत जाते. नंतर सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रारीचा तपशील पूर्ण केला.

फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "सर, मी हे ओळखायचं कशावरून?"

भिंतीवर आमचंच पत्रक होतं: पाठवणाऱ्याचा पत्ता तपासा, शुद्धलेखनाच्या चुका पाहा. इथे पत्ता खरा होता, मराठी शुद्ध होती, धमकीसुद्धा आमच्याच परिपत्रकांतली होती. मी म्हटलं, "पिन टाकण्याआधी ज्याला पैसे जातात त्याचं नाव दिसतं. ते पाहिलंस का?"

"पाहिलं ना. कोणा माणसाचं नाव होतं. पण सहलीचे पैसेही आम्ही लिपिकसरांच्याच नंबरवर भरले होते."

यावर मला बोलता येईना. मुलगी अजिबात निष्काळजी नव्हती. विद्यापीठाने तिला जे शिकवलं होतं तेच तिने केलं. खासगी नंबरवर पैसे घ्यायचे, प्रत्येक सूचनेत 'तात्काळ' आणि 'अन्यथा' लिहायचं, विचारायला आलेल्या मुलाला खिडकीवरून परत पाठवायचं, आणि दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी सायबर जागरूकता दिवसाला त्याच मुलांना सभागृहात बसवून 'सावध राहा' म्हणायचं. फसवणूक ओळखली ती आमच्या कुठल्याही सॉफ्टवेअरने नाही. ओळखली ती रोज हाताने वही लिहिणाऱ्या ताईंनी, आणि त्यांना आजवर एकाही कार्यशाळेचं बोलावणं गेलेलं नाही.

मी कुलसचिवांना टिपणी दिली आहे: शुल्क फक्त पोर्टलवरून घ्यावं, खासगी खात्यावर एक रुपयाही गोळा करू नये, प्रत्येक परिपत्रकाचा जावक क्रमांक विद्यार्थ्याला संकेतस्थळावर पडताळता यावा, आणि प्राध्यापकांनाही दुसरा टप्पा सक्तीचा असावा. टिपणी वित्त विभागात 'अभिप्रायार्थ' पडून आहे. मुलीचे पैसे अजून आलेले नाहीत. आणि या आठवड्यात दुसऱ्या एका विभागाच्या फलकावर स्नेहसंमेलनाच्या वर्गणीसाठी एका शिक्षकाचा क्यूआर कोड लागलेला दिसला. मी तो काढला आणि विभागप्रमुखांच्या हातात नेऊन दिला.