तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यात विचित्र केस कुठली?

लग्नात, बारशात, एसटीत, कुठंही कळलं की मी सांगलीत कॅज्युअल्टीला सिस्टर आहे, की पुढचा प्रश्न ठरलेला. "सिस्टर, तुम्ही बघितलेली सगळ्यात विचित्र केस कुठली ओ?" विचारणाऱ्याच्या डोळ्यात अशी चमक असतीय की आता ही बाई काहीतरी भयंकर सांगणार.

तसलं सांगायला आहे की भरपूर. पोराच्या नाकात हरभरा जाऊन फुगलेला, कानात शिरलेलं झुरळ (आधी तेल घालून मारायचं, मग काढायचं, जिवंत ओढायला गेलं की पेशंट आणि झुरळ दोघं नाचतात), कडबाकुट्टीत गेलेली बोटं. पण खरं सांगू का, हे सगळं दिसतं. दिसतं म्हणून सगळे पळतात, वॉर्डबॉय पळतो, वॉचमन पळतो, पेपर काढायच्या आधी पेशंट टेबलावर असतो. माझ्या लेखी विचित्र केस म्हणजे जी अगदी साधी होऊन येती.

आखाडाचा महिना, पहाटेची वेळ, जतच्या बाजूचा एक तरणा पोरगा, आई आणि काका मोटरसायकलवर मधे धरून घेऊन आलेले. पोटात दुखतंय, एकदा उलटी झाली. रात्री मटण झालेलं, त्यामुळं घरनंच निदान करून आणलेलं, गॅस धरलाय. बीपी बरं, नाडी बरी, पोट मऊ. इंटर्नने ॲसिडिटीचं इंजेक्शन लिहिलं पण होतं. तेवढ्यात ड्युटीवरच्या मॅडम पडदा सारून आत आल्या, त्याच्याकडं बघितलं आणि पहिला प्रश्न पोटाचा नाहीच, "कुठं झोपला होतास रे?" काका म्हणाला सोप्यात, वाकळ टाकून, लाईट नव्हती. मॅडम म्हणाल्या वर बघ, छताकडं. पोरानं मान मागं टाकली पण पापण्या अर्ध्यावरच. काका म्हणतोय झोप झाली नाही ओ त्याची. जीभ काढ म्हटलं तर पूर्ण निघंना, बोलणं जड.

मण्यार. आपल्याकडं शिराळ्याच्या नागपंचमीमुळं साप म्हटलं की सगळ्यांना नागच आठवतो, पण नागाचं बरं, चावलेलं कळतं, सुजतं, ठणकतं. मण्यार रात्री अंथरुणात येती, चावलेलं बऱ्याचदा कळतच नाही, डास चावल्यासारखं होऊन माणूस कूस बदलतो. खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, मग श्वास. त्या पोराच्या अंगावर आम्ही टॉर्च मारून इंच इंच बघितलं, काही नाही. तरी सापाच्या विषावरच्या औषधाच्या दहा व्हायल सुरू केल्या, त्याची रिॲक्शन आली तर म्हणून शेजारी ॲड्रेनॅलिन भरून ठेवलेलं, आणि श्वासाची नळी घालायची तयारी, जी थोड्याच वेळात लागलीच.

पुढचं तर कुणालाच पटत नाही. असा पेशंट व्हेंटिलेटरवर मेल्यासारखा दिसतो. हात उचलून सोडला की पडतो, डोळ्याची बाहुली टॉर्चला दाद देत नाही, आणि आत माणूस शुद्धीत असू शकतो, सगळं ऐकत. म्हणून मी त्याच्याशी बोलत बोलतच काम करायची, आता सुई टोचतीय, आता कुशीवर वळवतीय, आणि कॉटशेजारी रडायला लागणाऱ्यांना सरळ बाहेर काढायची, भले मला खडूस म्हणू देत. काही दिवसांनी बोट हललं, मग नळी निघाली. बोलायला लागल्यावर पोरगं काकाला काय म्हणालं असेल? "ट्रॅक्टरच्या हप्त्याचं तुम्ही माझ्या डोक्यापाशी बोलत होता, ऐकलंय मी." काकाचं तोंड बघण्यासारखं झालं. आणि काका अजून म्हणतो की ते मटणच होतं.

मग लोक पुढचा प्रश्न विचारतात, चांगलं हॉस्पिटल कुठलं? आणि बघतात काय, तर एसी आहे का, ओळखीचं कोण आहे का. मला विचाराल तर मी काचेची ट्यूब बघेन. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठायचं थांबतं, आणि ते ओळखायची टेस्ट इतकी साधी आहे की लोकांना खोटी वाटती. थोडं ताजं रक्त कोरड्या काचेच्या ट्यूबमधे घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदा तिरकी करायची. पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय. बस. पण ट्यूब काचेचीच पाहिजे आणि नवी पाहिजे. प्लॅस्टिकमधे किंवा साबणानं धुतलेल्या काचेत चांगलं रक्तही नीट गोठत नाही, मग ज्याला गरज नाही त्याला घोड्याच्या रक्तापासनं केलेलं हे विषावरचं औषध चढतं आणि त्याची रिॲक्शन आली की अंगावर गांधी, बीपी खाली, धावपळ. आणि वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. नातेवाईक डोक्यावर उभे राहून "काय झालं, काय झालं" करत असताना ट्यूब न हलवता ठेवणं याला मी उपचार म्हणते.

अजून एक भांडण ठरलेलं. लहान लेकराला साप चावला की डोस मोठ्या माणसाएवढाच. आज्जी लोक हात धरतात, एवढंसं लेकरू ओ, अर्धं द्या की. आता साप काय लेकरू बघून विष कमी सोडत नाही, औषध विषाला द्यायचं असतं, वजनाला नाही. हे आज्जीला समजावण्यात दोन मिनिटं गेली तरी चालतात, पण सलाईन लावता लावता समजवायचं.

विंचवाचं पण तसंच. पाटण, कोयनेकडनं लाल विंचू चावलेली पोरं येतात, घामानं चिंब, हातपाय गार. पूर्वी फुप्फुसात पाणी होऊन अशी पोरं जायची. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन नावाची बीपीची गोळी यावर चालते हे दाखवून दिलं, २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. एक साधी गोळी, पण घाम आणि गार हात बघून वेळेत द्यायला कुणीतरी पाहिजे ना.

बाकी छातीत जळजळ म्हणून आलेल्या शुगरवाल्या मावशींचा दहा मिनिटांच्या आत ईसीजी, बेशुद्ध माणूस दारू प्यालाय असं सगळे म्हणत असले तरी आधी शुगर. यात सांगण्यासारखं काहीच नाही म्हणून कुणी सांगत नाही. आणि जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, मी आधी कोपऱ्यात गप बसलेल्याकडं जाते. यावरनं शिव्या खाल्ल्यात, खाते.

साप चावला तर तो पकडून बरणीत आणू नका, मेलेला पण आणू नका, लांबनं फोटो मिळाला तर बास. कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही. आणि पहाटे पोटात दुखतंय म्हणून कुणाला आणलंत तर रात्री तो जमिनीवर झोपला होता का ते आम्ही विचारायच्या आधीच सांगा.

परवा स्टोअरमधनं परत प्लॅस्टिकच्याच ट्यूबा आल्यात. मी बॉक्स तसाच माघारी पाठवलाय, वर चिठ्ठी लावून. स्टोअरवाले म्हणतात सिस्टर, तेवढ्यासाठी वेगळी ऑर्डर काढायची का? म्हटलं हो, काढायची.